ढगाच्या चाड्यावर

लोहगाव, पुणे
४ ऑगस्ट १९७४

ती. सौ. अक्कास,
मच्छिंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. मी पत्र टाकत नाही म्हणून तू माझ्या नावानं कडाकडा बोटं मोडलीस, ती इथवर ऐकू आली. पण कपाळाला खोक पडलेल्या माणसानं वाकून पत्र कसं लिहायचं ते तूच सांग. घाबरू नकोस, टाके सुकलेत.

आधी एक कर. माझा मेव्हणा पायलट आहे म्हणून दाजी दौंडच्या लोको शेडमध्ये सांगत फिरतात असं कळलं. त्यांना आवर. मी पायलट नाही. ढगात मीठ टाकून पाऊस वाढतो का ते बघायला आमच्या हवामानाच्या ऑफिसनं हे जुनं डकोटा विमान घेतलंय, त्यात मी मिठाचा माणूस. मीठ आणि त्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून शंखजिरं, पिठासारखं दळून पोत्यात भरलेलं असतं. विमानाच्या पोटात पत्र्याचं मोठं नरसाळं आहे, त्याला खाली भोक आणि भोकाला झडप. आमच्या संशोधक साहेबांनी हात वर केला की मी झडप उघडायची आणि पोत्यामागून पोतं ओतत राहायचं. आपल्या पेरणीच्या पाभरीचं चाडंच ते! मी चाडं म्हणायला लागलो आणि आता साहेबसुद्धा चाडंच म्हणतात.

तर परवा भीमेच्या अंगाला एक ढग दिसला. बाहेरून अगदी गरीब. आत शिरलो आणि त्यानं विमान धरून जे आपटायला सुरुवात केली की विचारू नकोस. माझं कपाळ चाड्याच्या कडेवर आदळलं. साहेब ओकले ते माझ्या पाठीवर. एक पोतं फुटलं, मीठ डोळ्यांत गेलं, खोकेत गेलं, मी गुरासारखा ओरडलो. पत्र्यावर गारा अशा बडवत होत्या की कॅप्टनसाहेब, लढाईत विमान चालवलेला माणूस, ढगाला आयमाय काढून शिव्या देत होता. उतरल्यावर बघतो तर पंखाची कड चेपलेली. आणि लोक म्हणतात संशोधन म्हणजे खुर्चीतलं काम.

आमच्या कामाची एक रीत आहे. निघायच्या आधी साहेब बंद पाकीट फोडतात. आत उत्तर नाहीतर दक्षिण लिहिलेलं असतं. उत्तर म्हणजे आबांची, शिरूरकडची बाजू. दक्षिण म्हणजे नदीअलीकडची, तुझी दौंडची बाजू. ज्या बाजूचं नाव निघेल तिथल्याच ढगात मीठ टाकायचं, दुसरीकडं चिमूटभरही नाही. मग दोन्हीकडचा पाऊस मोजायचा. मिठानं काही होतं की उगाच, ते साहेबांनाही अजून माहीत नाही. कळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि म्हणून तर आबांच्या अंगणात पावसाचं माप बसवलंय.

आणि एक गंमत सांगायची राहिली. विमान वाडीवर आलं की आबा अंगणात ओला पाला पेटवून धूर करतात. तो त्यांचा मला जयभीम. मी इकडं खिडकीतून हात हलवतो, त्यांना काय कपाळ दिसणार! कॅप्टनसाहेब म्हणाले की एखाद्या दिवशी पंख झुकवून आपणही जयभीम घालू.

दाजींना जयभीम, पोरांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
मच्छिंद्र


रेल्वे कॉलनी, दौंड
१२ ऑगस्ट १९७४

चि. मच्छिंद्रास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कपाळ फोडून घेतोस आणि वर थट्टा करतोस, तुला काय म्हणावं बाबा! हळद भर आणि त्या ढगाला सांग की माझी अक्का फार वाईट आहे. हे म्हणतात की आता पायलट म्हणणार नाही, ड्रायव्हर म्हणेन. ह्यांच्यापुढं मी हात टेकले.

पण आज थट्टा पुरे. काल होडीनं नदी उतरून वाडीला गेले होते. आपल्या दौंडात गेल्या आठवड्यात दोनदा धो धो पाऊस झाला. वाडीत टिपूस नाही. बाजरी माना टाकून उभी आहे आणि लोकांची डोकी तापलीत.

आनंदराव तुला माहीतच आहे. सोसायटीचा चेअरमन, गावातला मोठा बागायतदार. पावसाचं माप बसवायला जीप आली तेव्हा त्यानं आपल्या वाड्यापुढं जागा दाखवली होती. तिथं कडुलिंबाची सावली, मापाला मोकळं आभाळ लागतं, म्हणून साहेबांनी ते आपल्या वस्तीत आबांच्या अंगणात बसवलं. ते त्याच्या काळजात रुतून बसलंय. आता त्याला आयतं कारण सापडलं. मांडवगणच्या बाजारात तो सांगत होता म्हणे, की म्हाळूचा पोरगा वाडीवरचे ढग हुसकावतो आणि बहिणीच्या दारात नेऊन पाडतो, बहिणीला पावसाची ओवाळणी घालतो. आधी लोक हसले. आता हसत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ती, त्यांना पावसावरून हसू येत नाही.

आणि तो धूर! ते म्हणतात की म्हाळू खालून खूण करतो आणि विमान ढग वळवतं. चक्कीवाल्यानं आपल्या वस्तीचं दळण बंद केलंय. आनंदरावाचा पोरगा हौसराव, त्यानं चांगुणा आत्याला विहिरीवर अडवलं आणि डोक्यावरची घागर फोडली. आत्या काय ऐकते! तिनं खापर उचलून त्याच्या तोंडावर हाणलं, भुवई फुटली त्याची. मला ऐकून आधी उकळ्या फुटल्या, मग भीती वाटली. आत्याला राहायचं तर तिथंच आहे ना.

तर तू आबांना धूर बंद करायला लिही, माझं ते ऐकत नाहीत. आणि आई-आबांना इथं घेऊन येऊ. मी विषय काढला तर आबा म्हणाले की माप सोडून मी कुठं येत नाही, आणि उठून अंगण झाडायला लागले. मच्छिंद्र, मला नीट झोप लागत नाही. आबांचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाकडं बघू?

जिवाला जप. अक्कावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
अक्का (ललिता)


वाडी, मांडवगणजवळ
१८ ऑगस्ट १९७४

चि. मच्छिंद्रास,
आबाचा जयभीम आन् लई लई आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र घावलं. धूर करू नगा म्हून लिवलंस. बरं, न्हाई करीत. ललितीनं तुला फितवलंय ते म्यां वळाकलं. दोघं भाऊबहीण मिळून बापाला शिकवा आता.

पर दौंडला मी येत न्हाई. तुज्या दाजीच्या क्वार्टरात खाटंवर बसून इंजनाच्या शिट्ट्या ऐकत बसू व्हय? हितं रोज सकाळी मी माप बघतो आन् हापिसाला कार्ड टाकतो. थेंब पडला का आनंदराव आपल्या कुंपनाभाईर येऊन हुबा ऱ्हातो आन् किती पडला म्हून इचारतो. माज्या बापानं त्याच्या बापाच्या दारात पायताण हातात घिऊन हुबं ऱ्हायचं. आपल्या वस्तीत काय इचारायला ह्या गावातलं कवा कोन आलं व्हतं सांग. बाबासायबांच्या फोटोखालनं मी त्याला आकडा सांगतो. म्यां ते सोडू व्हय?

परवा चावडीत बोलावलं व्हतं. म्यां समद्यांना पाकिटाची रीत समजून सांगितली. हौसराव म्हनला की मग पाकिटात दौंडच कसं निगतं. म्यां म्हनलं, पाकीट माजा पोरगा लिवीत न्हाई, त्यो नुसती झडप उघडतो. त्यो अंगावर आला आन् भर चावडीत माजी टोपी उडावली. म्यां टोपी उचलली, झटाकली, घातली. आन् समद्यांम्होरं छातीवर हात ठिवून सांगितलं, माजा पोरगा कुनाचा पाऊस आडवायचा न्हाई, वैऱ्याचाबी न्हाई. माजा शबूद हाय. ह्या गावात आपल्यापाशी ना रान ना पैका. म्हाळू खोटं बोलत न्हाई येवढंच हाय, आन् तेवढ्यावर मी मान वर करून फिरतो.

तू नीट काम कर. साहेबाला मान दे. कपाळाला खोबऱ्याचं तेल लाव. तुजी आई ताईबाई भाकरीबरूबर रोज तुजं नाव घेती. घरच्यांवर लक्ष ऱ्हाऊ दे.

तुजा बाप,
म्हाळू


लोहगाव, पुणे
२८ ऑगस्ट १९७४

ती. आबांस,
मच्छिंद्रचा चरणी जयभीम. वि. वि.

आबा, न्हाई करीत म्हणून लिहिता आणि करता तेच! आज मी खिडकीकडं बघणारसुद्धा नव्हतो. नदीचं वळण आलं आणि बघतो काय, आपल्या वस्तीतून हा एवढा थोरला काळा लोट. एरवी तुमचा धूर बिडीएवढा. आज कॅप्टनसाहेबांनाच आधी दिसला. ते मागं वळून ओरडले की तुझा बाप आज रंगात आलाय, चल, आज जयभीम घालूनच टाकू. आणि त्यांनी विमान खाली घेतलं आणि वाडीवरून डावा पंख झुकवला, उजवा झुकवला. अंगावर काटा आला माझ्या! सरकारचं विमान आपल्या वस्तीपुढं मान लववतंय! खाली माणसं जमलेली दिसली, हात वर केलेले. म्हटलं, आला बाबा सगळा गाव आबांच्या अंगणात.

आणि आज पाकिटात उत्तर निघालं होतं. वाडीवरच्या ढगात मी दंड भरून येईपर्यंत मीठ ओतलं. पाऊस झाला का ते कळवा. मापात किती भरला ते आधी मला कळवा, मग ऑफिसला.

अक्काला सांगू नका, ती माझे कान उपटेल. आईला जयभीम. तुमचा हात माझ्या डोक्यावरून हलू नये.

तुमचा,
मच्छिंद्र


दौंड, दवाखान्याच्या व्हरांड्यातून
२९ ऑगस्ट १९७४

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

ह्यांनी स्टेशनातून तार केली आहे. ती मिळाली असेल तर हे पत्र पोचायच्या आत तू इथं येशील. तरी लिहिते. हात रिकामा ठेवला तर मी किंचाळीन.

आबा जिवंत आहेत. आईचे हात भाजलेत. आधी एवढं वाच, मग पुढचं.

आबांनी धूर केला नव्हता. तुला दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. काल दुपारी विमानाची घरघर लांबून ऐकू आली तशी चावडीपुढची माणसं उठली. हौसराव पुढं, भुवईला पट्टी. पहारी, कुऱ्हाडीचे दांडे. चांगुणा आत्या तिथंच होती, तिनं सांगितलं ते लिहिते. आधी ते मापावर गेले. आबा मापाला मिठी मारून खाली बसले. सोड म्हणाले, आबांनी सोडलं नाही. मग हौसरावानं पहार आबांच्या उजव्या हातावर घातली. एकदा नाही मच्छिंद्र. ह्याच हातानं खुणा करतोस ना, म्हणत घालत राहिला. बोटांचा चेंदा झालाय. डॉक्टर म्हणतात की हात राहील, पण कामाचा राहणार नाही.

कडब्याची गंजी पेटवली. गंजीवरून घराच्या कुडाला लागलं. कालवड खुंट्याला होती. आई सोडायला धावली, दाव्याची गाठ सुटेना, तिनं जळत्या दाव्याला हात घातला. कालवड उभ्या उभ्या जळाली. आई अजून मध्येच उठून विचारते की तिला पाणी पाजलं का.

मग विमान वर आलं. हौसरावानं आबांचे केस धरून मान वर केली की बोलव आता तुझ्या पोराला. आणि विमान खाली आलं आणि त्यानं पंख हलवले. का हलवले रे? कशाला हलवले? खाली एकच ओरडा झाला की बघा, म्हाळूला उत्तर दिलं. तोवर निम्मी माणसं नुसती बघत होती. पंख हलले आणि त्यांनीही दगड उचलले. आनंदराव कडेला उभा होता. त्यानं हात लावला नाही आणि थांबाही म्हणाला नाही. त्याची बायको सारजाबाई तेवढी गर्दीत घुसली आणि आबांच्या अंगावर पालथी पडली. तिच्या पाठीत दगड बसले, आपल्याच गावच्या माणसांचे.

मग पाऊस आला. असा आला की माणसं घराकडं पळाली, आग विझली, म्हणून आबा वाचले. आणि आता गावात काय बोलतात ऐकायचंय? म्हाळूला मारलं तसा पाऊस पडला, म्हणजे अडवत होता तो म्हाळूच. थू त्यांच्या बोलण्यावर!

तू ये. पण डोकं घरी ठेवून येऊ नकोस. माझी शपथ आहे तुला.

अक्का


लोहगाव, पुणे
१८ सप्टेंबर १९७४

ती. सौ. अक्कास,
मच्छिंद्रचा जयभीम. वि. वि.

मी दौंडला आलो त्या दिवशी तू माझ्या पिशवीतली सळई काढून घेतलीस आणि भर व्हरांड्यात माझ्या पायावर डोकं ठेवलंस. थोरल्या बहिणीनं पायावर डोकं ठेवल्यावर माणसानं काय करायचं? आलो मुकाट परत. पंखाचं माझं ते पत्र वाडीहून फिरून तुझ्या हातात आलं आणि तू ते आबांना दाखवलं नाहीस, हे तुझे उपकार. ते आठवलं की मला माझंच तोंड फोडावंसं वाटतं. आम्ही जयभीम घातला आणि खाली त्याचे दगड झाले.

हौसराव जामिनावर सुटला आणि हलगी वाजवत गावात गेला, हे दाजींनी कळवलं. मी पुढ्यातलं ताट भिंतीवर फेकलं. 

आता ऐक. परवा सोमवारी पाकीट फुटलं, उत्तर निघालं. वाडीवर ढग होता, असा ह्या साली पाहिला नव्हता. खालून काळाशार, वर नुसता उकळत होता. आत शिरताच त्यानं आम्हाला उचललं आणि खाली टाकलं, पुन्हा उचललं. पोती छताला लागत होती. साहेब पुढं पट्ट्यात जखडलेले, ओकत होते, तरी त्यांनी हात वर केला. मी चाड्यापाशी गुडघ्यावर बसलो होतो. पोती फोडली, चाडं काठोकाठ भरलं, झडपीवर हात ठेवला. आणि अक्का, मी झडप उघडली नाही. आपल्या बापजाद्यांनी जन्मभर त्यांच्या रानात चाड्यावर मूठ धरली. मी नाही धरली. विमान ढगातून बाहेर पडलं, नदी ओलांडली, तेव्हा तुझ्या बाजूला सगळं मीठ सोडून दिलं, कारण उतरताना चाडं रिकामं दिसायला हवं.

मागच्या खिडकीतून बघितलं. आनंदरावाचा ऊस पिवळा पडलाय. ढग त्याच्यावरून तसाच सरकत होता. मी हसलो. त्या आदळआपटीत बेंबीच्या देठापासून हसलो. ढग चोरतो म्हणाले ना? घ्या, चोरला!

आबांना हे वाचून दाखव. म्हणावं, सळई उचलली नाही, पण तुमच्या हाताचा दावा साधला. त्यांना तेवढीच गार झुळूक. तुझी माया ह्या डोकेफिरूवर असू दे.

तुझा भाऊ,
मच्छिंद्र


रेल्वे कॉलनी, दौंड
२४ सप्टेंबर १९७४

चि. मच्छिंद्रास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. आधी मी एकटीनं वाचलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जळू दे त्यांचा ऊस, असं मी मनात म्हणाले. सोमवारी इथं पाऊस कोसळला होता, कॉलनीत घोटाघोटा पाणी, पोरं नाचली त्यात. ते का ते आता कळलं, आणि मीही चुलीपुढं बसून हसले. मग आबांना वाचून दाखवलं.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. शुक्रवारी शिरूरच्या कोर्टात आबांचा जबाब झाला. हे आणि मी घेऊन गेलो होतो. हात गळ्यात बांधलेला, तरी टोपी नीट घातली होती. त्यांनी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, एक शब्द वाढवून नाही, एक गाळून नाही. मग आनंदरावाचा वकील उठला. मारहाणीचं सोडून त्यानं विमानाचंच काढलं. तुझा मुलगा ढगांचा पाऊस अडवतो का, असं त्यानं विचारलं. कोर्टातली माणसं हसली. आबा हसले नाहीत. शपथेवर सांगतो, म्हणाले, माझा पोरगा कुणाचा पाऊस अडवायचा नाही, वैऱ्याचाही नाही.  मागच्या बाकावर सारजाबाई बसली होती, तिनं डोळ्याला पदर लावला. बाहेर आल्यावर आबांनी आपण होऊन चहा मागितला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तुझं पत्र ऐकून झाल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं की हे कोणत्या वारी झालं. मी म्हणाले सोमवारी. म्हणजे मी कोर्टात जायच्या आधी, असं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. जेवले नाहीत. मी म्हणाले की हे घरातच राहील, विमानात काय झालं ते कोण बघायला आलंय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

काल चांगुणा आत्या आली होती. तिची बाजरी कणसात दाणा न भरता वाळून गेली. तिचा एकर त्याच ढगाखाली होता रे. सारजाबाईचं माहेरच्या वाट्याचं रानही तिथंच, जिनं आबांसाठी पाठीवर दगड घेतले. आत्या बिचारी पावसालाच शिव्या देत होती आणि मी तिच्या पुढ्यात चहाची बशी ठेवून मान खाली घालून बसले. मच्छिंद्र, तू नेमका कुणाचा ढग कोरडा ठेवलास? मी तुला रागं भरावं तर मीच आधी हसले होते. 

आबा म्हणाले की मी लिहितो. काय लिहिणार ते सांगत नाहीत. माझ्यावरचा जीव उणा करू नकोस.

तुझी,
अक्का


दौंड
३ आक्टोबर १९७४

चि. मच्छिंद्रास,

डाव्या हातानं लिवतोय. आक्षार वाकडं हाय, समजून घे.

परवा हापिसाची जीप आली. साहेब भला मानूस. नवं माप आनलं व्हतं, चकचकीत. म्हनला, पोलीस देतो, त्याच जागंवर बसवू, माप तुमीच बघा. म्यां न्हाई म्हनलं. ललिती रडली, जावई शंकरराव पाया पडलं, म्यां न्हाईच म्हनलं. ज्याच्या पोरानं पाऊस आडावला त्यानं पाऊस मोजू न्हाई. साहेबाला कारन म्यां सांगितलं न्हाई. ते तू सांगायचंस.

पहार हातावर पडत व्हती तवा माप माज्याच्यानं सुटलं न्हाई. तुजी झडप मिटली आन् सुटलं.

मिठानं पाऊस पडतो का न्हाई ते साहेबाला ठावं न्हाई, मला न्हाई, तुलाबी न्हाई. मीठ टाकलं असतंस तरी कदाचित पडला नसता. पर पडू न्हाई म्हून तू हात धरलास. बाबासायबांचं नाव मनात घिऊन म्यां कोरटात हात वर केला आन् त्या येळंला मी खोटं बोलत व्हतो.

आरं, ते घर जाळाया आले तवा ते खोटं व्हते आन् मी खरा व्हतो. लई मारलं. कालवड वरडत व्हती, तुजी आई वरडत व्हती. म्यां दातावर दात ठिवले, का तर मी खरा हाय. माज्यापाशी तेवढंच व्हतं. गावानं येवढं मारून नेलं न्हाई ते तू विमानात बसून नेलंस. त्यांना खरं केलंस.

फुडची तारीख दसरा झाल्यावर हाय. साहेबाला समदं सांगून मग शिरूरला ये. नोकरी जाईल, जाऊ दे. कोरटात हुबा ऱ्हा आन् सोमवारी काय केलंस ते बोल. म्यां दिलेला जबाब म्यांच दुरुस्त करनार हाय, तू आलास तर तुज्या संगं, न्हाई आलास तर येकला. हौसराव त्याच्यानं सुटला तरी चालंल.

तुज्या आईला ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई. ती तुला आशीर्वाद लिवा म्हनती हाय. तिचे लिवतो. माजे तारखंला आलास म्हंजी तोंडानं दीन.

म्हाळू